आधी घराची खोड, मग तुमची

घराचा वरचा मजला भाड्याने द्यायचा असला की मी तोंड उघडायचं नाही, असा आमच्याकडे ठराव आहे. ठराव बायकोने मांडला, बायकोनेच मंजूर केला, आणि मी त्या वेळी चहा पीत होतो म्हणून माझं गप्प बसणं हीच संमती धरली गेली. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस मी. कागद बघून माणूस ओळखतो, असा माझा समज होता. पहिल्याच भाडेकरूने तो समज धुऊन दोरीवर वाळत घातला.

रत्नागिरीत, बाजारापासून जरा लांब, उतारावर आमचं चिऱ्यांचं घर आहे. खाली आम्ही दोघं. वर मुलासाठी बांधलेल्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि तिथलाच झाला. वरच्या घराला जिना बाहेरून, एकोणीस पायऱ्यांचा. रिकामं घर ठेवलं तर वाळवी आणि नातेवाईक दोन्ही लागतात, म्हणून भाड्याने द्यायचं ठरलं.

आमच्या गावात भाडेकरू निवडणं म्हणजे आधी आडनाव विचारणं. आडनावावरून पत्ता लागला नाही तर गाव, गावावरूनही लागला नाही तर मासे. हा माशांचा प्रश्न आमच्याकडे दोन्ही अंगांनी विचारतात. कुणाला मासे खाणारा नको असतो, आणि कुणाला न खाणारा, कारण तो खालच्या तव्याचा वास आला की वरून नाक मुरडणार. मी स्वतःला या सगळ्यांपेक्षा सुधारलेला समजायचो. मी फक्त कागद मागितले.

पहिल्या गृहस्थांनी एवढे कागद आणले की माझी छाती भरून आली. ओळखपत्र, कंपनीचं पत्र, आधीच्या घरमालकाचं पत्र, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत, अनुक्रमांक घालून. व्यसन नाही, पाहुणे नाहीत, आवाज नाही. बायको दारामागून म्हणाली, "एवढा गुळगुळीत माणूस मला काही बरा वाटत नाही." मी म्हटलं, तुला काय कळतंय. दुसऱ्याच महिन्यात आमच्या दारावर चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी मिळाली, मोत्यासारख्या अक्षरात: 'कृपया सकाळी सहापूर्वी खोकू नये.' पुढे फोडणीबद्दल आली, बादलीच्या आवाजाबद्दल आली. माझ्या घरात मी उशीत तोंड खुपसून खोकायला लागलो. अकरा महिने त्या माणसाने आम्हाला वळण लावलं.

पण आमच्या घराची पुढची सगळी रीत त्याच्याच जाण्यातून सुरू झाली, हेही खरं. तो घर सोडायच्या आठवड्यात एक नवरा-बायको घर बघायला आली. हा पठ्ठ्या कुणी न बोलावता जिन्यावर येऊन उभा राहिला आणि घराची कुंडली मांडायला लागला. पंप मध्येच बंद पडतो. पश्चिमेच्या भिंतीला पावसात ओल येते. माकडं पत्र्यावर नाचतात. घरमालक त्यांना शिव्या देतात, आणि माकडांपेक्षा त्यांचाच त्रास जास्त. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको मात्र पदराला हात पुसत शांतपणे ऐकत होती. सगळं ऐकून घेतल्यावर आलेली बाई हसली आणि म्हणाली, "चालेल की. पण आमच्या यांचं घोरणं खालपर्यंत ऐकू येईल, ते तुम्हाला चालेल का?"

बायकोने तिथल्या तिथे घर देऊन टाकलं. एक कागद मागितला नाही. ती दोघं चार वर्षं राहिली, आणि घोरणं खरोखरच खालपर्यंत ऐकू यायचं. घर सोडताना ती बाई आणि आमची ही गळ्यात गळे घालून अशा रडल्या, की रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं मुलगी सासरी चाललीय.

तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला. जाणाऱ्याने येणाऱ्याला घर दाखवायचं आणि घराच्या सगळ्या खोडी सांगायच्या. आम्ही मध्ये बोलायचं नाही. मग येणाऱ्याला अंगणात खुर्ची द्यायची, गूळ-पाणी द्यायचं, आणि बायको म्हणणार, "घराची खोड ऐकलीत. आता तुमची सांगा." कागद, पोलिसांकडची नोंद, ते सगळं माझ्याकडे, पण नंतर. आधी खोड.

मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. नोकरीत कुणी साहेबाला जाऊन स्वतःची खोड सांगितली असती तर त्याची बदली झाली असती. पण हळूहळू मी बघत गेलो. "आमची कसली खोड, आम्ही आपली साधी माणसं" असं म्हणणारा आला की बायको गोड हसून म्हणायची, "कळवते." 'कळवते' म्हणजे नाही. मग कॉलेजात शिकवणारी एक बाई आली. म्हणाली, "मला स्वयंपाक येत नाही. रोज काहीतरी करपणार." घर मिळालं. रोज काहीतरी करपलं. एक बँकेतला माणूस आला, तो म्हणाला, मी आंघोळ करताना गातो, आणि वाईट गातो. त्यालाही मिळालं. बोटीवर नोकरी करणाऱ्याची तरुण बायको आली. ती पाण्याच्या भांड्याकडे बघत म्हणाली, "रविवारी त्यांचा फोन येतो. तो ठेवला की मी तासभर रडते. लक्ष देऊ नका." दोन वर्षं रविवारच्या त्या तासाला बायकोने मला मागच्या आगरात काही ना काही कामाला लावलं. एकदा कारण नसताना अळूचा अख्खा वाफा खणायला लावला. तिचं रडणं माझ्या कानावर पडू नये एवढंच त्यामागे होतं, हे मला फार उशिरा कळलं.

असं करता करता माझाही विश्वास बसला. बायकोला माणसाची पारख आहे, असं मी चारचौघांत सांगायला लागलो. तिच्यासमोर नाही, डोक्यावर बसेल.

आणि मग तो म्हातारा आला.

मे महिना होता. वर सावर्ड्याची एक मुलगी राहायची. दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होती. आली तेव्हा तिने सांगितलं होतं, "मी फोनवर मोठ्याने बोलते, आणि बहुतेक वेळा भांडतेच." ज्याच्याशी भांडायची त्याच्याशीच तिचं लग्न ठरलं, म्हणून घर सोडत होती. म्हातारा पूर्णगडचा. सत्तरीला टेकलेला, काळा, काटक, उमेदीत मोठ्या बोटींवर खलाशी म्हणून जग फिरलेला. घर दोघांसाठी हवंय म्हणाला, तो आणि त्याची बायको. मला माणूस आवडला. उभं राहण्याची त्याची एक पद्धत होती, पाय फाकवून, जमीन हलेल की काय अशी.

मुलीने घर दाखवलं, ओल दाखवली, माकडांचं सांगितलं. माझ्याबद्दलही सांगितलं असावं, कारण म्हातारा माझ्याकडे बघून हसला. पण त्याचं लक्ष खोल्यांत नव्हतंच. तो जिन्यावर घुटमळत होता. पायऱ्या मोजल्या, एकदा चढताना, एकदा उतरताना. वितीने पायरीची रुंदी मोजली. मग मला विचारलं, "भाऊ, रिक्षा आत जिन्यापर्यंत येते काय?" येते म्हटलं. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

अंगणात गूळ-पाणी झालं. बायको म्हणाली, "आता तुमची खोड सांगा."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. भांडं दोन्ही हातांत धरून बसला. मग म्हणाला, "आमची कसली खोड असणार, बाय. दोघं म्हातारी माणसं."

"आणि तुमच्या घरच्यांची?"

"तिची पण नाय."

बायकोने त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "कळवते हं."

तो उठला, आम्हा दोघांना हात जोडले, आणि फाटकाबाहेर पडला. बायको म्हणाली, "ताकाला येऊन भांडं लपवतोय. माणूस वाईट नाही, पण काहीतरी झाकतोय." मी म्हटलं, जाऊ दे, दुसरा येईल. तिथे ती वरची मुलगी उभी होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"काकू," ती म्हणाली, "हे खरं तर मी सांगायला नको. दवाखान्यातलं बाहेर बोलायचं नसतं. पण तुम्ही त्यांना घर देणार नाही, हो ना?"

मग तिने सांगितलं. म्हाताऱ्याच्या बायकोची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून तीनदा, मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी, तिला डायलिसिसला आणावं लागतं. पूर्णगडहून एसटीने यायचं, चार तास मशीनवर, आणि अंगातलं त्राण गेलेलं असताना परत एसटीने जायचं. गेल्या पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या आणि दोनदा तिचं डायलिसिस चुकलं. दुसऱ्या वेळी छातीत पाणी भरलं, कशीबशी वाचली. डॉक्टरांनी म्हाताऱ्याला स्पष्टच सांगितलं होतं की या पावसाळ्यात एकही खेप चुकवायची नाही, दवाखान्याजवळ घर बघा. म्हणून तो महिनाभर घरं बघत फिरत होता.

"आधीच्या चार घरी त्यांनी खरं सांगितलं होतं," मुलगी म्हणाली. "चारही ठिकाणी नाही म्हणाले. इथे पहिल्यांदाच गप्प बसले."

ती वर निघून गेली. बायको तिथेच पायरीवर बसली. समोर सुपात वाळत घातलेली आमसुलं होती. ती एकेक उलटी करत राहिली, झालेली पुन्हा उलटी करत राहिली.

मी कसा वागलो तेही सांगून टाकतो. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "बरं झालं, देवानेच वाचवलं. उद्या घरात काही बरंवाईट झालं तर? मयत झालेल्या घरात पुढे कोण येईल राहायला?" मग मी आणखी शहाणपणा केला. "आणि नियम तुझाच आहे. खोड लपवली की घर नाही."

"नियम माझाच आहे," ती म्हणाली. "तोच तर नासका निघाला. घोरणारा, गाणारा, करपवणारी, यांना खोड सांगायला काय जातंय? हसत हसत सांगतात. ज्याला खरं सांगितल्यावर चार दारं बंद झाली, त्याला मी पाचव्या दारात पुन्हा तेच विचारलं. वर त्यालाच खोटा ठरवला."

"मग काय करणार?"

"शनिवारी दवाखान्यात सोडा मला."

मी खूप बोललो. आपलं वय झालं म्हणालो, लोकांच्या भानगडी गळ्यात घ्यायच्या नाहीत म्हणालो, तुझं हे नेहमीचंच म्हणालो. पालथ्या घड्यावर पाणी. शनिवारी सकाळी ती स्कूटरमागे बसली, मांडीवर आंब्यांची पिशवी घेऊन, आणि मी हॉर्नवर राग काढत निघालो.

डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकडी होती. मशीनला वेळ होता म्हणून म्हातारा आणि त्याची बायको बाहेरच बसलेली. बाई अगदी हाडांची काडी झालेली, पण डोळे विलक्षण जागे. एका हातात हिरव्या बांगड्या, दुसरा हात मोकळा, कारण त्याला सुया टोचायच्या. त्या हातावरची शीर दोरखंडासारखी फुगली होती. आम्हाला बघून म्हातारा गडबडून उभा राहिला. आपलं खोटं पकडलं गेलं हे त्याला कळलं, आणि त्याचा चेहरा इतका पडला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

बायको सरळ बाईशेजारी जाऊन बसली. म्हणाली, "रविवारी तुमच्या यजमानांना मी घर नाकारलं. तोंडाने नाही म्हटलं नाही, पण मनात नाकारलं. ते सांगायला आले."

बाईने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "नाकारलेलं सांगायला कोण इथवर येतं?"

"आमच्याकडे आधी खोड विचारतात. त्यांनी सांगितली नाही. तुम्ही सांगा."

"गप बसा हो," बाई म्हणाली, कारण म्हातारा मध्ये बोलायला बघत होता. मग ती बायकोकडे वळली. आवाजात रडणं नाही, काही नाही, बाजारात भाव सांगावा तशी म्हणाली, "माझी खोड एकच, बाय. मी मरणार हाय. तुमच्या घरात राहिले तर तुमच्या घरात मरेन. कधी, ते डॉक्टर पण सांगत नाय."

आणि आमची ही, तीही तशीच, भाव ऐकल्यासारखी, म्हणाली, "मग खालच्या घरात राहा. वरून खाली आणायला हाल होतील."

मग बाई हसायला लागली. दात पडलेलं तोंड पदराने झाकून, अंग गदगदून. आमचीही हसायला लागली. दोघी एकमेकींच्या हातावर हात मारून हसत होत्या, आणि आजूबाजूचे लोक बघत होते. माझं सगळं आयुष्य हिच्याबरोबर गेलंय, पण त्या दिवशी मी तिच्याकडे परक्या माणसाने बघावं तसं बघितलं. असं उत्तर मला सात जन्मांत सुचलं नसतं.

हसू ओसरल्यावर बाईने विचारलं, "खाली तर तुम्ही राहता ना?"

"आम्ही वर जातो."

मला विचारलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. माझे गुडघे, माझी पडवीतली खाट, सकाळचा चहा घेऊन आगरात जायची माझी वाट, सगळं तिने एका वाक्यात वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलं. म्हातारा "नको नको" करत उभाच. "मी तिला उचलून नेईन वर," तो म्हणाला. "सवय केलीय मी." मी तिथून निघालो आणि दवाखान्यासमोरच्या टपरीवर गेलो. राग एवढा की चहात साखर आहे की नाही ते कळेना. आता वर राहायला लागून तिसरं वर्ष चालू आहे, आणि गुडघे अजून रोज संध्याकाळी मला त्या शनिवारची आठवण करून देतात.

म्हातारा माझ्यामागून आला. शेजारी उभा राहिला, तसाच पाय फाकवून. म्हणाला, "भाऊ, तुम्ही खालचं घर सोडू नका. मला जमतं."

"काय जमतं?"

"जिना. सवय केलीय म्हटलं ना." मग तो सांगायला लागला, आणि मी चहाचा पेला खाली ठेवला. "इथे दर खेपेला तिचं वजन करतात. आत जाताना बेचाळीस, बाहेर येताना चाळीस. अंगातलं पाणी काढतात ना. म्हणजे घरातून उतरवायची ती बेचाळीस, आणि परत वर न्यायची ती चाळीस. तुमच्याकडून गेलो, आणि दुसऱ्या दिवसापासून तांदळाचं पोतं भरून आमच्या गावच्या किल्ल्याच्या पायऱ्यांवर जातो. चढताना चाळीस किलो. वर दोन किलोची पिशवी ठेवलेली, ती पोत्यात घालायची आणि उतरायचं. तुमच्या एकोणीस पायऱ्या. मी अडतीस चढून बघतो, हाताशी थोडं जास्त असावं म्हणून. गाव म्हणतं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं."

"पण आम्ही घर देतो म्हणालो कुठे होतो?"

"बाय म्हणाली ना, कळवते." त्याने माझ्याकडे अगदी साधेपणाने बघितलं. "मला वाटलं, कळवाल."

आमच्यात 'कळवते' म्हणजे नाही, हे बोटीवर जग फिरलेल्या त्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. तो आमच्या निरोपाची वाट बघत पोतं उचलत होता.

"आणि पडलात तर?" मी विचारलं.

टपरीवाल्याने पुढे केलेला चहा त्याने घेतला, पण प्यायला नाही.

"काल पडलो," तो म्हणाला. "मी वाचलो, पोतं सुटलं हातातून. आठ-दहा पायऱ्या गडगडत गेलं आणि फुटलं. सगळा तांदूळ पायऱ्यांवर. मी वेचत बसलो होतो. तिला सांगितलं नाय अजून."

मी सत्तरीला सहा वर्षं कमी असलेला माणूस, दोन पायऱ्या चढायच्या म्हणून रुसून चहा प्यायला आलेला. मला माझी लाज वाटली, आणि ती लाज अजून गेलेली नाही. त्याला म्हटलं, "तुम्ही खालीच राहायचं. जिना आम्ही चढतो, आम्हाला दोघांना आपापलंच वजन आहे." त्याने माझा हात धरला. त्याच्या तळहाताला घट्टे होते.

परत आलो तर दोघी बायका आंबा चाखायचा की नाही यावर वाद घालत होत्या. आमची ही खा म्हणत होती, आणि बाईला पथ्य म्हणून आंबा चालत नव्हता. पथ्याचं कळल्यावर बायकोने पिशवी मागे सरकवली आणि ओशाळली. मी समोर जाऊन उभा राहिलो. मला वाटलं आता आभार मानतील, कुणी डोळे पुसेल. तसं काही झालं नाही. बाईने मान वर करून मला विचारलं, "तुम्ही घरमालक ना? माझी खोड ऐकलीत. आता तुमची सांगा."

आजपर्यंत आमच्या अंगणात कितीतरी माणसांना हा प्रश्न विचारला गेला असेल. मला कुणी विचारला नव्हता. मी माकडांचं सांगणार होतो, रागाचं सांगणार होतो, खोकल्याचं सांगणार होतो. बायको माझ्याकडे बघत होती. म्हातारा बघत होता. त्या बाईच्या डोळ्यांपुढे ती हलकी उत्तरं तोंडातून येईनात.

"मी भित्रा आहे," मी म्हटलं. "तुम्ही आमच्या घरात मराल, याची मला भीती वाटते. तुमच्याबद्दल कळलं त्या दिवसापासून वाटते. आताही वाटतेय."

बायकोने डोळे मिटून घेतले. आता संपलं सगळं, असं मलाही वाटलं.

बाईने मात्र नवऱ्याकडे एकदा बघितलं, आणि मग मला खुणेने जवळ बसायला सांगितलं. मी बसलो. आतून तिचं नाव पुकारलं गेलं. ती उठली नाही. माझ्या कानाशी, फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "मला पण वाटते हो. पण यांच्यासमोर भ्यायची सोय नाय, ते कोसळतील. खाली राहायला आले की तुम्ही येत जा अधूनमधून. आपण दोघं मिळून भिऊ."